बन्सीनानांचा ओटा

बारशाचं नाव कागदापुरतं असतं. गाव ठेवतं ते नाव जन्मभर पुरतं. बन्सीलाल पाटलांच्या भूपेंद्रला गावाने नाव ठेवलं होतं ‘अंगचोर’. त्यात दुष्टावा नव्हता. गावाला जे दिसलं ते गावाने सांगितलं, एवढंच.

आता दिसत काय होतं? कापूस निंदायला सगळे एका रांगेत वाकत, प्रत्येकाची आपापली पात. चार हात पुढे सरकतात न सरकतात तोच भूपेंद्र उठून बांधावर जाऊन बसायचा आणि पोटऱ्या चोळायचा. बाकीचे घामाघूम, आणि हा उंचापुरा धट्टाकट्टा गडी बांधावर बसून आभाळ बघतोय. थोड्या वेळाने तो आपणहून उठायचा, सुटलेली पात धरायचा आणि मग दिवस मावळेपर्यंत कुणाच्याही बरोबरीने काम उपसायचा. पण हे दुसरं कुणी बघत नसे. कामाला लागतानाच जो बसला तो बसला, पुढे त्याने डोंगर फोडला तरी गावाचं मत बदलत नाही.

शाळेतही तेच झालं होतं. शर्यतीची शिट्टी वाजली की हा पहिल्याच वळणावर मांडी धरून खाली. गुरुजी म्हणाले, पोरगं ढोंगी आहे. मोठेपणी केळीचे घड गाडीत भरायला गेला, तर दुसऱ्या-तिसऱ्या घडालाच दंडात गोळे यायचे आणि बोटं आखडून बसायची. होता होता भूपेंद्रलाही वाटायला लागलं की दुखत सगळ्यांनाच असणार, बाकीचे सोसतात, आपल्यात ती धमक नाही. ही समजूत दुखण्यापेक्षाही वाईट होती. दुखणं निदान थोड्या वेळाने उतरायचं.

त्यात बाप बन्सीनानांसारखा. तापीकाठची काळी जमीन, केळी, ऊस, कापूस, आणि या सगळ्यात पहाटेपासून राबणारा माणूस. हाताने कष्टाळू आणि तोंडाने फटकळ. “आळशाले गंगा दूर म्हनतस,” नाना चारचौघांत म्हणायचे, “मन्हा पोऱ्याले तं मांगलदारनी तापी बी दूर शे!” चारचौघं खो खो हसायचे. भूपेंद्रही हसायचा. न हसता तिथे उभं राहणं त्याहून अवघड होतं.

हे असंच चाललं असतं. पण चुनीलालकाका वारले.

काका म्हणजे नानांचे धाकटे भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि पुतण्यावर फार जीव. तेव्हा त्यांचं मडकं भूपेंद्रने धरायचं हे न बोलता ठरलं. मयतीपुढे विस्तवाचं मडकं घेऊन चालणं ही त्या गावात लहानसहान गोष्ट नाही. घरून मडकं उचललं की विसाव्यापर्यंत खाली टेकवायचं नाही. हात बदलला तर चालतो, माणूस बदलायचा नाही. थांबायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. विसावा म्हणजे वाटेवरची ती जागा, जिथे तिरडी घडीभर उतरवतात आणि पुढचे खांदेकरी मागे, मागचे पुढे होतात. पूर्वी विसावा जवळ होता, कारण मसणवटीच जवळ होती. तापीवर बॅरेज झालं, पाणी फुगलं, जुनी जागा बुडाली आणि नवी जागा मिळाली ती गावाला वळसा घालून पार पलीकडे. विसावाही मग सरकत सरकत मोठ्या वडापाशी जाऊन बसला.

या सगळ्या रीतीभातींचे राखणदार रतिलालकाका. गावात कुणी गेलं की घरच्यांच्या आधी रतिलालकाकांना कळतं, असं लोक गमतीने म्हणत. बांबू किती लांब घ्यायचा, सुतळीचा वेढा कसा द्यायचा, पाणी कुणी पाजायचं, त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. त्यांनी मडकं भूपेंद्रच्या हातात दिलं आणि मंडळी निघाली. मयतीची चाल नेहमी झपाझप असते. खांद्यावर ओझं आलं की माणसाला पोहोचायची घाई होते.

गल्लीच्या शेवटच्या घराशी भूपेंद्रच्या पोटऱ्यांचे दगड झाले. छाती धडधडायला लागली. तरी तो चालत राहिला. भूपेंद्रच्या घरच्याच खळ्याच्या कडेला एक लिंब, म्हणजे कडुलिंब, आहे. त्या लिंबाशी मडक्याचा हात आखडला, कोपर सरळ होईना, आणि भूपेंद्र भर रस्त्यात मडक्यासकट खाली बसला. मागे तिरडी थबकली.

“आठे बी बठना का?” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

रतिलालकाकांनी त्याच्या हातातून मडकं सोडवून घेतलं आणि भावकीतल्या एका चुलतभावाकडे दिलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. भूपेंद्र थोड्या वेळाने उठला आणि सगळ्यांच्या मागून मसणवटीपर्यंत चालत गेला, पण तेही कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळी तो आत भिंतीला टेकून पाय चोळत पडला होता. बाहेर ओसरीवर नाना पार्वतीबाईंशी, म्हणजे त्याच्या आईशी, बोलत होते. आवाज हळू होता.

“चुन्यानं तं निभाई गयं,” नाना म्हणाले. “मन्हं मडकं कोन धरी व?”

नानांचे टोमणे भूपेंद्रच्या अंगवळणी पडले होते. पण हा टोमणा नव्हता. नानांना खरोखरच काळजी पडली होती, आणि तेच त्याला लागलं. अंगचोर म्हणवून घेणं एक वेळ सोसवतं, पण आपल्या बापाला मरणाची नव्हे तर मरणानंतरच्या वाटेची धास्ती वाटते आणि ती आपल्यामुळे, हे त्याच्याने सोसवेना. त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. नानांचं मडकं आपण धरायचं, आणि तापीपर्यंत न्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली. बायको, प्रतिभा, नंदुरबारच्या मिरची बाजाराशेजारी वाढलेली. डोळ्यांत तिखट गेलं तरी हात न थांबवणाऱ्या बायकांमधली. ती घाबरली, पण बसली नाही. जीप बोलावली आणि नवऱ्याला थेट नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, स्नायू तुटून रक्तात उतरलेत, किडन्यांवर ताण आलाय, वेळेवर आणलंत. सलाईनवर दिवस काढून तो वाचला. मग सुरतेच्या फेऱ्या सुरू झाल्या. रक्त झालं, मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून झाला, आणखी कुठल्या कुठल्या तपासण्या झाल्या, आणि अखेर दुखण्याला नाव मिळालं. मॅकआर्डलचा आजार.

“हाऊ मॅकआर्डल कोन?” नानांनी विचारलं.

“ज्यांनी हा आजार पहिल्यांदा ओळखला ते डॉक्टर,” सुरतेचे डॉक्टर म्हणाले.

“त्यासले आमना पोऱ्या कोठे भेटना?”

डॉक्टर हसले. मग त्यांनी समजावलं, की हे जन्मापासूनचं आहे. आई आणि वडील दोघांकडून थोडा थोडा दोष उतरतो. त्या दोघांना काहीच होत नाही, मुलात तो जुळून येतो. “हा माणूस लहानपणापासून दुखणं अंगावर काढत काम करत आलाय,” ते म्हणाले. “तुमच्या लक्षात आलं नसेल. कुणाच्याच येत नाही.”

परतीच्या गाडीत नवापूर स्टेशन आलं तेव्हा नाना खाली उतरले आणि भूपेंद्रसाठी केळी घेऊन आले. घरी केळीची बाग असलेला माणूस, आणि विकतची केळी! तीही कच्ची निघाली. एरवी नानांनी त्या विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघत बसले. नानांना शिव्या शंभर येत होत्या, पण चुकलं म्हणायला लागणारा तो एक शब्द त्यांच्या तोंडाला ठाऊकच नव्हता.

घरी आल्यावर नवीनच तऱ्हा सुरू झाली. ज्याला कालपर्यंत उठता-बसता बोलणी, त्याला सगळे तळहातावरच्या फोडासारखे जपू लागले. आई पाण्याचा तांब्या उचलू देईना. शेतात गेला तर नाना सालदाराला सांगून त्याला सावलीत खाट टाकून द्यायचे. गाव ‘अंगचोर’ म्हणायचं थांबलं आणि ‘बिचारा’ म्हणायला लागलं. भूपेंद्रला ही काही बढती वाटली नाही. आणि बसून बसून पाय आणखीच बारीक झाले, तो भाग वेगळाच.

हे थांबवलं रिबेका गावित यांनी. त्या नंदुरबारला फिजिओथेरपी करायच्या. नवापूरकडच्या डोंगरात, चढ-उतारावर वाढलेली बाई. खाटेवर पडून राहणाऱ्या माणसाची त्यांना मनापासून चीड. भूपेंद्रबरोबर आई आणि नाना दोघंही गेले होते.

“भूपेंद्रभाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमच्या स्नायूंमध्ये साखरेची कोठी भरलेली आहे, पण तिचं झाकण उघडत नाही. आपण कामाला लागलो की बाकीच्यांचं शरीर लगेच कोठीत हात घालतं. तुमच्या शरीराला तेच बाहेरून, रक्तातून मागवावं लागतं. ते यायला थोडा वेळ लागतो. तोवर दुखतं. दुखायला लागलं की थांबायचं, दुखणं उतरू द्यायचं आणि मग निघायचं. एकदा बाहेरचा माल सुरू झाला, की तुम्ही चालतच राहाल.”

“म्हणजे त्याने बसायचं?” आईने विचारलं.

“थोडा वेळ बसायचं, माय. कायमचं नाही. कायमचा बसला तर आहे तेही जाईल. रोज चालवा याला. जड उचलायचं नाही, पळायचं नाही, उपाशीपोटी राबायचं नाही. निघायच्या आधी काहीतरी गोड प्यायचं. एवढं पाळा.”

भूपेंद्र एकदम मोठ्याने हसला. तिघंही त्याच्याकडे बघायला लागली. ज्या बांधावर बसण्यासाठी जन्मभर शिव्या खाल्ल्या, ते बसणंच औषध निघालं होतं, आणि ते त्याच्या शरीराने कुणी न शिकवता केलं होतं. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. नाना उठून दाराबाहेर गेले.

“आणि न थांबता चालता येईल का कधी?” त्याने डोळे पुसत विचारलं. “कितीही सराव केला तरी?”

“नाही,” रिबेका म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू? चालायची ताकद वाढेल, पण सुरुवातीचं थांबणं जाणार नाही. ते सोबतच राहील.”

दुसऱ्या दिवसापासून तो चालायला लागला. लोक देवळाच्या रस्त्याने फिरतात, याने मसणवटीचा रस्ता धरला. कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. घरून साखरेचं पाणी पिऊन निघायचं, गल्ली ओलांडायची, आणि लिंबाशी आलं की पोटऱ्या भरून यायच्या. तिथे थांबायचं. थोड्या वेळाने पायांतले दगड विरायचे, श्वास जागेवर यायचा, आणि मग तापी कधी येई ते कळायचंही नाही. अगदी रमतगमत गेलं तर कधी लिंब मागे टाकता यायचा. पण मयतीच्या चालीने, हातात पाण्याचा डबा धरून, त्याने पुष्कळदा करून पाहिलं. दर वेळी लिंबच. वड तिथून कितीतरी पुढे. गावाचा विसावा वडापाशी आणि त्याच्या अंगाचा लिंबापाशी, आणि या दोन्हींमधली वाट काही केल्या कमी होत नव्हती.

नाना ओसरीवरून त्याचं जाणं-येणं बघत. एक दिवस त्यांनी विचारलं, “कोठे भरी येतस पोटऱ्या?”

“लिंबपाशी.”

“रोज तठेच?”

“रोज तठेच, नाना.”

“हं,” नाना म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

पुढच्या आठवड्यात गोकुळ मिस्तरी थापी-ओळंबा घेऊन हजर. नानांनी लिंबाखाली ओटा बांधायला काढला. रतिलालकाका धावत आले, रस्ता अडेल म्हणाले. “लिंब मन्हा, खळं मन्हं, तुन्ही काय आडी शे?” नाना म्हणाले, आणि विषय संपला. ओटा चांगला लांबरुंद झाला, कमरेइतका उंच, वर शहाबादी फरशी. त्याच्या एका टोकाला गोकुळने वेगळा छोटा कट्टा केला आणि त्यात वाडग्यासारखी गोल खोलगट जागा ठेवली.

“हाई कसाले?” रतिलालकाकांनी विचारलं.

“माठ ठेवाले,” नाना म्हणाले.

उन्हाळ्यात प्रतिभाने तिथे खरंच माठ ठेवला. येणारे-जाणारे पाणी पिऊन नानांना दुवा देत. ओट्यावर बैठक जमायला लागली. विरोध करणारे रतिलालकाकाच सगळ्यात आधी येऊन सावलीची जागा धरत आणि सगळ्यात शेवटी उठत. भूपेंद्र रोज सकाळी तिथे टेकायचा, रतिलालकाका शेजारी तंबाखू चोळत असायचे. आपला बाप बोलत नाही, पण मुलाला रस्त्यात दगडावर बसायला नको म्हणून त्याने ओटा बांधला, हे भूपेंद्र समजून होता. त्याला थोडी लाज वाटायची आणि पुष्कळ बरं वाटायचं.

एक मात्र विचित्र होतं. नाना स्वतः त्या ओट्यावर कधीच बसले नाहीत. कुणी म्हणालं, “नाना, बठा ना घडीभर,” तर ते म्हणायचे, “मन्ही येळ नही उनी आजून.” लोकांना वाटायचं, म्हातारा कामाबद्दल बोलतोय.

मग काही वर्षांनी एका हिवाळ्यात, गहू ओंबीवर असताना, नाना गेले. सकाळचा चहा झाला, बशी खाली ठेवली, खुर्चीत मान कलती केली आणि गेले. ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांना ओरडून हलवलं तो इतक्या हळूच जाईल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

रतिलालकाका आले, बांबू आले, सुतळी आली. तिरडी बांधून झाल्यावर त्यांनी भूपेंद्रला बाजूला घेतलं.

“भो, राग नको धरू,” ते म्हणाले. “मडकं तुन्हा चुलतभाऊ धरी. तू नुसता हात लाव. चालस तसं.”

“नही काका. मीच धरसू.”

“वड येस तोवर थांबता येवाव नही.”

“माले माहीत शे.”

त्याला माहीत होतं, आणि म्हणूनच त्याने मनाशी पक्कं केलं होतं. लिंबाशी पाय दगड होऊ देत, हात आखडू दे, पुन्हा काळी लघवी आणि पुन्हा सलाईन, काय व्हायचं ते होऊ दे. बाप एकदाच जातो. प्रतिभाने त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

“थांबशात ना?” तिने हळूच विचारलं.

“इसावा वडपाशी शे,” तो म्हणाला.

ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. सासूपाशी गेली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलली. पार्वतीबाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, आत गेल्या आणि पितळी पेल्यात गुळाचं पाणी कालवून घेऊन आल्या. रतिलालकाका पुढे झाले.

“वहिनी, मयत घरमा शे. चूल बंद शे. आजून कोनी तोंडले काही लायेल नही.”

“गुळाले चूल लागस का, भाऊ?” पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते, पण आवाज पक्का होता. “एक गया, तो गया. जो शे त्याले पेऊ द्या.”

भूपेंद्र आईसमोर उभा राहून शेवटच्या थेंबापर्यंत ते पाणी प्यायला.

मंडळी निघाली. तो सगळ्यात पुढे, हातात विस्तवाचं मडकं, मागे टाळांचा आवाज आणि शंभर पावलांची घाई. गल्ली संपत आली तशा पोटऱ्या ओढायला लागल्या. त्याने मडकं डाव्या हातात घेतलं, मग परत उजव्या. छाती धडधडू लागली. समोर लिंब दिसत होता, त्याखाली ओटा, आणि पुढे लांबवर, पार लांबवर वडाचा काळा पुंजका. थांब, शरीर म्हणत होतं. चाल, तो म्हणत होता. मांड्या भरून आल्या. मडक्याच्या दोरीवरची बोटं सुटेनाशी झाली. तसाच तो ओट्याच्या बरोबरीला आला, दात आवळले, आणि पुढचं पाऊल टाकणार तोच मागून हाक आली.

“थांबा!”

गोकुळ मिस्तरीचा आवाज होता. तो पुढच्या खांद्याला होता.

“नानाना इसावा आठे शे,” गोकुळ म्हणाला.

“काय येडा झाया का?” रतिलालकाका म्हणाले. “इसावा वडपाशी शे.”

“गावना व्हई वडपाशी. नानाना आठे शे. ओटा बांधाना टाईमले माले सांगेल शे त्यासनी.” गोकुळला बोलताना धाप लागत होती, खांद्यावर नाना होते. “आठेच जमीनवर झोपीसन माप दिधं. माले फीत धराले लाई. बोलनात, तिरडी मानूसपेक्षा हातभर लांब ऱ्हास, तितलं वाढाय. अन् ते खोलगट बी माठनं नही, मडकानं शे. पोऱ्याना पाय आठे भरी येतस, म्हने. पन पोऱ्याले सांगू नको. सांगशी तं तो रडी, अन् माले ते देखावाव नही.”

रतिलालकाकांनी ओट्याकडे पाहिलं, मग तिरडीकडे, मग पुन्हा ओट्याकडे. गावातल्या प्रत्येक तिरडीचा बांबू मोजलेला माणूस तो. त्यांना माप सांगावं लागलं नाही.

“म्हंजे इतला दिन,” ते सावकाश म्हणाले, “मी बन्सीना इसावावर बठीसन तमाखू खादी?”

मागे कुणालातरी हसू फुटलं, आणि मग दोघा-तिघांना. मयतीत हसू नये, पण नाना असते तर तेच पहिले हसले असते. रतिलालकाकांनी डोळ्यांना उपरण्याचं टोक लावलं.

“उतारा,” ते म्हणाले.

तिरडी ओट्यावर टेकली. दोन्हीकडे बोटभरही बांबू बाहेर आला नाही. भूपेंद्रने आखडलेली बोटं एक एक करून सोडवली आणि मडकं त्या गोल जागेत ठेवलं. ते तिथे नीट बसलं, जराही डुगडुगलं नाही. मग तोही ओट्याच्या कडेला, नानांच्या डोक्याशी टेकला.

विसाव्याला खरं तर खांदे बदलण्यापुरतंच थांबतात. खांदे बदलून झाले. लोक उभेच होते. रतिलालकाका रोज सकाळी याच ओट्यावरून भूपेंद्रचं थांबणं बघत आले होते. किती वेळ लागतो ते त्यांना घरच्यांइतकंच ठाऊक होतं.

“तू सांग,” ते भूपेंद्रला म्हणाले, “मंग उचलूत. नाना जिंदगीभर घाई करत ऱ्हायना. आज बसू दे त्याले घडीभर.”

सगळं गाव रस्त्यात उभं राहून एका माणसाच्या पोटऱ्या सैल होण्याची वाट बघत होतं. भूपेंद्रने नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चालताना मागे बघायचं नसतं, पण विसाव्याला चालतं. एवढा मोठा ओटा बांधलात नाना, तो मनात म्हणाला, त्यापेक्षा एक शब्द बोलला असतात तर. मग त्याला वाटलं, नाही, ओटाच बरा. शब्द ऐकून तेव्हा बरं वाटलं असतं, पण आज तो शब्द मडकं टेकवायला उपयोगी पडला नसता. त्याने नानांच्या कपाळावरचा बुक्का बोटाने सारखा केला. बापावर त्याचा कधीच राग नव्हता असं नाही, पुष्कळ होता. तो त्या ओट्यावर बसल्या बसल्या संपला.

हळूहळू पायांतले दगड विरले. श्वास जागेवर आला. त्याने बोटं उघडून मिटून पाहिली आणि उठला.

“उचला,” तो म्हणाला.

आता पाय त्याचे राहिले नव्हते, किंवा पहिल्यांदाच त्याचे झाले होते. एवढ्या वर्षांची रोजची वाट. कुठे खड्डा, कुठे चढ, पावलांना पाठ होतं. वड आला. रतिलालकाकांची चाल सवयीने मंदावली, पण कुणी थांबलं नाही, आणि वड मागे पडला. नदीकडून गार वारा यायला लागला. भूपेंद्र चालत होता, मडक्यातला धूर त्याच्या खांद्यावरून मागे जात होता, आणि त्याला इतकं हलकं वाटत होतं की आपण मयतीपुढे चाललोय याचा त्याला क्षणभर विसर पडला.

“ओ भूपेंद्र!” मागून रतिलालकाकांचा धापा टाकणारा आवाज आला. “हळू चाल रे भो! मांगला समदा दमी ग्यात!”

गावाने त्याला आजवर खूप काही म्हटलं होतं, पण हळू चाल असं कधीच म्हटलं नव्हतं. मागे वळून बघायचं नाही ही रीत त्या दिवशी त्याच्या पथ्यावर पडली. तो हसत होता की रडत होता ते कुणाला दिसलं नाही. त्याने मडकं दुसऱ्या हातात घेतलं आणि मागच्यांसाठी पाऊल थोडं आवरलं. तापी आता जवळच होती.